बँकॉकला दोघंच जायचंय: नुसतं शहर आठवडाभर पुरेल का?

गवती_चहा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. लेक नोकरीला लागल्यापासून घरात आम्ही दोघं आणि माझ्या कुंड्या. तिनेच पहिल्या पगारांतून साठवून मुंबई-बँकॉक तिकिटं काढून दिली, परतीचं बरोबर आठवड्याने. "हॉटेल आणि भांडणं तुमची तुम्ही ठरवा" म्हणाली.

भांडण असं आहे. अहोंना दोन दिवस बँकॉक आणि उरलेले क्राबी किंवा फुकेत हवंय. माझं माहेर गुहागरचं, समुद्राचं मला काडीचं अप्रूप नाही. मला एकाच खोलीत बॅग उघडायची आहे, कपाटात कपडे लावायचे आहेत, आणि तिथल्या कोपऱ्यावरच्या फळवालीने तिसऱ्या दिवशी ओळखीचं हसावं एवढं एका जागी राहायचं आहे.

अडचणी: मी शाकाहारी (केकमधलं अंडं चालतं), ते सर्वभक्षी. त्यांचा उजवा गुडघा बोलतो. टूरवाल्यांबरोबर जायचं नाही, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

आणि एक. बँकॉकचं नाव काढलं की सोसायटीत सगळे गालातल्या गालात हसतात. अहोंच्या एका मित्राने माझ्यादेखत विचारलं, "वहिनींना कशाला नेतोयस?" तर सांगा, आमच्यासारख्यांना त्या शहरात आठवडाभर करण्यासारखं काही आहे का?

खवचट_आजोबा

वहिनींना नेलं नाही तर घरी परत कोण घेईल, असं त्या मित्राला विचारा.

कोकणी_बाणा

गुहागरची माणसं लाटा बघायला तिकीट काढणार नाहीत, हे साहजिकच गो बाय! पण खरं सांगू का, क्राबीचे चुन्याचे कडे थेट पाण्यातून वर आलेले असतात. तसलं आपल्याकडे नाही. एक रात्र तरी जाऊन या.

स्लीपर_कोच

एका रात्रीसाठी विमान, बोट, पुन्हा बोट, पुन्हा विमान? आठवड्यातले दोन दिवस नुसते बॅगा ओढण्यात जातील. गवती चहा, तुमच्या बाजूने एक मत.

चाओफ्रायाकाठी

मी नोकरीमुळे बरीच वर्षं इथे बँकॉकात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते गालातलं हसू ज्या बँकॉकबद्दल आहे, ते तीन-चार गल्ल्यांत मावतं. बाकीच्या शहरात शाळेची बस चुकलेली मुलं, आज्यांचे फुलांचे ठेले आणि ट्रॅफिकला शिव्या देणारे कारकून राहतात. तुम्ही मुद्दाम शोधत गेल्याशिवाय त्या गल्ल्या आडव्या येत नाहीत.

आठवडा पुरेल का, हे तुम्ही कुठे उतरता त्यावर आहे. हॉटेल स्कायट्रेनच्या किंवा मेट्रोच्या स्थानकापासून चालत पाच मिनिटांत हवं, ही एकच अट पक्की धरा. स्कायट्रेन (बीटीएस) डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झाली, जमिनीखालची मेट्रो (एमआरटी) २००४ मध्ये. मेट्रोचा निळा मार्ग २०१९ मध्ये जुन्या शहरात पोचला आणि सारा नकाशाच बदलला. आता सनाम चाय स्थानकातून वर आलं की राजवाडा, वाट फो (वाट म्हणजे बौद्ध देऊळ) आणि नदी, सगळं चालण्याच्या टप्प्यात. मेट्रोच्या दारावर आपलं टॅप करायचं बँकेचं कार्ड चालतं. स्कायट्रेनला रॅबिट कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं त्यांचं कार्ड) किंवा सुटं तिकीट.

गुडघ्यासाठी: स्कायट्रेनच्या प्रत्येक जिन्याशेजारी सरकता जिना नसतो. लिफ्ट असते, पण कधी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. आधी बघून ठेवा.

विमानतळावरून (सुवर्णभूमी) रेल्वेने फाया थाईपर्यंत या, पन्नास बाटच्या आत भागतं. बाट म्हणजे साधारण पावणेतीन-तीन रुपये धरा. घड्याळ दीड तास पुढे.

मी_सातारी

लई भारी माहिती दादा. सेव्ह करून ठेवली. जाणार कधी म्हाइत न्हाई.

भटकभवानी

चाओफ्रायाकाठी यांना मोदक.

माझी भर: आधी कागदपत्रं. भारतीयांना नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसा माफ झाला, पण किती दिवसांचा वगैरे नियम बदलत राहतात, तेव्हा थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर शेवटची नजर टाकाच. मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे! गुगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या भलत्याच साइट वर येतात. सरकारी पत्ता नीट बघून भरा.

अहो जर ई-सिगारेट ओढत असतील तर घरी ठेवून या. तिकडे बेकायदेशीर आहे.

गवती_चहा

अहो फक्त बडीशेप खातात. :) सगळ्यांचे आभार, लिहीत राहा. शाकाहारी मंडळी कुठे गेली?

चकली

आले आले. पक्की शाकाहारी, कांदा-लसूण चालणारी.

नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. भाज्यांच्या ताटलीत मासळीचं पाणी (नाम प्ला) आणि ऑयस्टर सॉस आपण मीठ घालावं तसं जातं. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, दिसायला अगदी निष्पाप, पण खलबत्त्यात सुकी कोळंबी पडते. यावरचा उतारा म्हणजे पिवळा झेंडा. पिवळ्यावर लाल अक्षरात "เจ" असं लिहिलेलं दिसलं की डोळे झाकून बसा. उच्चार "जे". चिनी बौद्ध पद्धतीचं जेवण, त्यात मांस-मासे-अंडी-दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव येतो तेव्हा सगळा चायनाटाऊन पिवळा होतो. फेब्रुवारीत कमी दिसतील, पण बाजारांत एखादा ठेला सापडतोच.

फळं तर काय विचारता! पेरूच्या फोडी, कैरीसारखा आंबा, वर मीठ-साखर-मिरचीची पुडी. रस्त्यावर खानोम क्रोक मिळतं: बिडाचं अप्पेपात्रच असतं, त्यात तांदळाचं आणि नारळाच्या दुधाचं पीठ ओतून झाकण ठेवतात. काठ कुरकुरीत, मध्ये थलथलीत गोडसर. वर कधी कांद्याची पात, कधी मक्याचे दाणे. मी तर दोन वेळा जेवणाऐवजी तेच खाल्लं.

भूक अगदीच खवळली तर फाहुरातला जा, तिथलं लिटिल इंडिया. मोठा गुरुद्वारा आहे, लंगरमध्ये पोटभर जेवण मिळतं.

नागपुरी_तर्री

परदेशात जाऊन लंगरमध्ये जेवून राहिले! बावा, अहोंना तरी सुखानं खाऊ द्या. याओवारातला, म्हणजे चायनाटाऊनच्या मुख्य रस्त्यावर, संध्याकाळी जायचं, वाट मंगकोन मेट्रोला उतरून. रस्त्याच्या कडेला स्टूल, समोर वोक पेटलेला, कोळशावर खेकडा. मी त्या रस्त्यावर एका टोकातून घुसलो अन् दुसऱ्या टोकातून निघेपर्यंत पँटचं बटण काढावं लागलं.

अनुस्वार

राजवाड्याबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून?

परदेशी माणसाला ५०० बाट, तिकीट दुपारी साडेतीनपर्यंतच. गुडघे-खांदे झाकलेले हवेत, पुरुषांनाही अर्धी चड्डी चालत नाही. तिथे सावली फार कमी, म्हणून साडेआठला दार उघडताच आत जावं. सगळे लोक पाचूच्या बुद्धाकडे धावतात (नावाला पाचू, मूर्ती जेडची आहे, आणि ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा तिची वस्त्रं खुद्द राजा बदलतो). तुम्ही मात्र उलट्या बाजूला वळा आणि भोवतालच्या ओवऱ्यांत शिरा. तिथे रामकियेन, म्हणजे त्यांचं रामायण, १७८ चित्रांत भिंतभर रंगवलंय. सावलीही तिथेच आहे.

ते चित्रांचं रामायण बघताना मराठी माणसाला जो धक्का बसतो तो म्हणजे हनुमान. तिकडचा हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या लेक दगड पळवते, हा तिला पकडायला पाण्यात उतरतो आणि प्रेमातच पडतो. मुलगाही होतो, मच्छानू.

तिरपागडे

आमच्या तालमीत हे वाचून दाखवलं तर वस्ताद धागाकर्तीला नाही, तुम्हाला शोधत येतील.

खवचट_आजोबा

अनुस्वार, आपल्याकडे मकरध्वज आहेच की. घामाचा थेंब, मासोळी, पुत्र. आपण घामावर भागवलं, त्यांनी सरळ सांगितलं.

अनुस्वार

आजोबा, दोन गोष्टींचं मूळ एकच असावं असं वाटण्याइतकं साम्य आहे खरं. पण थाई हनुमान तिथेच थांबत नाही, बिभीषणाच्या मुलीशीही त्याचं जमतं. मुखवट्यांच्या खोन नाटकात प्रेक्षकांचा सगळ्यात लाडका तोच. भक्ती आहेच, शिवाय खट्याळपणा.

भटकभवानी

धागा हनुमानाच्या शेपटीसारखा लांबायच्या आत परत आणते. राजवाड्याबाहेर एखादा नीटनेटका, गोड बोलणारा माणूस भेटेल. "आज वाडा बंद आहे, पूजा आहे, तोवर वीस बाटमध्ये टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो." वाडा उघडाच असतो. टुकटुक तुम्हाला रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेऊन उभी करते, तिथे दलाली असते. हसून "नो, थँक्यू" म्हणायचं आणि फाटकापर्यंत स्वतः चालत जायचं. हा खेळ तिथे इतका जुना आहे की पोलिसांचे फलकही लागलेले असतात.

पुणेकर_नानबा

वीस बाटमध्ये कोणी काही दाखवतो म्हटल्यावरच पुणेकराला संशय येतो. आम्हाला फलकाची गरज नाही.

आल्याचा_चहा

नमस्कार. मी गवती चहा यांचे "अहो". बायकोने माझ्या गुडघ्याची जाहीर वाच्यता केल्यामुळे सदस्यत्व घ्यावं लागलं.

माझी बाजू अशी. मला देवळं दोनच्या वर सहन होत नाहीत. बाजारात मी खांबासारखा उभा राहतो आणि हिच्या पिशव्या माझ्या हातात वाढत जातात. समुद्रावर निदान दोघांनाही काही न करता बसता येतं. बँकॉकमध्ये काही न करता बसायला जागा आहे का, हा माझा प्रश्न आहे. मॉल सोडून.

मी_सातारी

आरारारा, घरचं भांडण लाइव्ह!

चाओफ्रायाकाठी

आल्याचा चहा, प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आहे: नदी.

साथोर्न धक्क्यावर या (स्कायट्रेन सफान ताक्सिन, पायऱ्या उतरलं की धक्काच). नारिंगी झेंड्याची बोट, कुठेही उतरा, १६ बाट. निळ्या झेंड्याची पर्यटकांसाठी, महाग. नारिंगीत शाळकरी मुलं, भिक्षू, बाजारच्या बायका असतात. मागच्या बाजूला उघडी जागा धरा आणि वरच्या टोकापर्यंत जाऊन या, कुठेही उतरू नका. वारा, डिझेलचा वास, डावीकडे वाट अरुणचा मनोरा. संध्याकाळी ही बोट लवकर बंद होते, तेवढं बघून ठेवा. थकलात तर था तियेनला उतरून ५ बाटच्या होडीने पलीकडे वाट अरुणला जा. त्याच्या पायऱ्या उभ्या आहेत, तुम्ही खाली बसा, वहिनींना चढू द्या. खालूनही फुटक्या चिनी बशा-वाट्यांची केलेली नक्षी जवळून दिसते.

दुसरी जागा बेंजाकित्ती. पूर्वी सरकारी तंबाखू कारखाना होता तिथे २०२२ मध्ये पाणथळ जंगलाचं उद्यान झालं. वरून चालायला लांब पूल आहे, बाकं आहेत, तिकीट नाही.

तिसरी लुम्पिनी बाग. तळ्याकाठी बसा. फक्त पाय जपून, घोरपडी फिरत असतात. लहान नाहीत, माणसाच्या उंचीच्या.

तिरपागडे

यशवंतीची मावशी तिकडे सेटल झालेली दिसते. दोर घेऊन जा, सिंहगड नाही तर निदान एखादा मॉल सर होईल.

चाओफ्रायाकाठी

:D कोणाला काही करत नाहीत त्या, मासे आणि कचरा खातात. लुम्पिनीत संध्याकाळी सहाला असाल तर एक बघा. भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं आणि धावणारे, सायकलवाले, दोरीवरच्या उड्या मारणारे सगळे आहेत तिथे थांबतात. तुम्हीही थांबा. सकाळी आठलाही असतं, स्थानकांतसुद्धा.

शेवंता

मला एक वेगळंच सुचवायचंय. एक दुपार दोघांनी वेगवेगळे फिरा.

आम्ही दोघं तिकडे गेलो तेव्हा मला चतुचक बाजार पालथा घालायचा होता. तो फक्त शनिवार-रविवार पूर्ण भरतो, हजारो दुकानं, आणि नवरा दहाव्या मिनिटाला घड्याळ बघायला लागतो. त्याला जिम थॉम्पसनचं घर बघायचं होतं. थाई रेशीम जगभर नेणारा हा अमेरिकन १९६७ मध्ये मलेशियात फिरायला गेला तो आजतागायत सापडलेला नाही. नवऱ्याला असली प्रकरणं फार आवडतात. मग तो तिकडे, मी इकडे, संध्याकाळी सियाम स्थानकात खांबाजवळ भेट. रात्री जेवताना इतक्या गप्पा झाल्या! एरवी आमच्या दोघांच्या सहलीत बोलण्यासारखं काही उरत नाही, कारण दोघांनी एकच बघितलेलं असतं.

कोकणी_बाणा

पंचवीस वर्षं झाल्याबद्दल परदेशी जायचं आणि तिथे वेगवेगळं फिरायचं? मग लग्न तरी कशाला केलंत?

शेवंता

संध्याकाळी खांबाजवळ कोणीतरी वाट बघत असावं म्हणून.

भटकभवानी

शेवंता __/\__

पुणेकर_नानबा

मी दुपारी १ ते ४ झोपतो. आमची ही त्या वेळात काय करते हे मी कधी विचारलेलं नाही. तेच तत्त्व.

उकडीचा_मोदक

मी विरोधी पक्षात. बँकॉक मला आवडलं नाही. उकाडा, पुलांखालचा धूर, एका मॉलमधून दुसऱ्यात. आठवडा असेल तर पेनांगचं जॉर्ज टाऊन किंवा हनोई करा. चालण्याजोगी जुनी शहरं आहेत.

चाओफ्रायाकाठी

धुराबद्दल मोदकांशी सहमत, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथला बरा हंगाम म्हणतात, ऊन सुसह्य असतं. पण जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोंडते, शेतं जाळली जातात आणि सूक्ष्म धूलिकण वाढतात. दमा असेल तर मास्क आणा आणि रोजचा आकडा बघून बाहेर पडा. एप्रिलात भट्टी, सोंगक्रानला (त्यांचं नववर्ष, १३ ते १५ एप्रिल) शहरभर पाण्याची लढाई. सप्टेंबरात पाऊस धो धो.

अनुस्वार

पुढच्या कधीतरीसाठी: लोई क्राथोंग, त्यांचा दिवे सोडण्याचा सण. आपली त्रिपुरी पौर्णिमा, तीच रात्र. केळीच्या खोडाची चकती, पानांची झालर, फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. पाण्यात सोडतात. घाटावर दिवे सोडणाऱ्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही.

चकली

नवरा-बायकोने जायच्या जागा म्हणून सांगते. राचप्रसोंगला एरावानची ब्रह्मदेवाची मूर्ती आहे, १९५६ सालची, भर चौकात. चार तोंडं, चारही बाजूंनी झेंडूच्या माळा, लाकडी हत्ती. नवस फेडणारे नर्तकींना पैसे देऊन देवापुढे नाच करवतात. आपल्याकडे ब्रह्मदेवाला देऊळ क्वचितच मिळतं आणि तिकडे त्याला रांग!

तिथून जवळच, मोठ्या मॉलसमोर, त्रिमूर्तीचं ठाणं आहे. गुरुवारी रात्री साडेनऊला तरुण मुलंमुली लाल गुलाब घेऊन प्रेम मागायला येतात. शेजारीच गणपती. पंचवीस वर्षांवर काही मागायचं राहिलं असेल तर जाऊन या.

खवचट_आजोबा

पंचवीस वर्षांनी माणूस गुलाब नाही, गुडघा मागतो.

अनुस्वार

त्या मूर्तीला तोंडं पाच आहेत. म्हणून ती त्रिमूर्ती नसून सदाशिव असल्याचं काही जाणकार सांगतात. गुलाब घेऊन आलेल्यांना फरक पडत नाही.

गवती_चहा

गेला आठवडाभर घरात एकच विषय. निर्णय: पूर्ण आठवडा बँकॉक, त्यातला एक दिवस अयुथ्या (तिथली जुनी राजधानी). शेवंताताईंची दुपार मंजूर झाली आहे, अहोंनी सगळ्यात आधी हात वर केला. मसाजबद्दल कोणी सांगेल का? नाव ऐकून दोघंही बिचकतोय.

भटकभवानी

बिचकू नका. वाट फोच्या आवारातच मसाज शिकवण्याची जुनी शाळा आहे, तिथेच करून घेता येतो. (वाट फो ३०० बाट. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब, तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं. पाठीमागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रं आहेत, सुटी नाणी घेऊन एकेक टाकत जायचं, सगळा वेळ किणकिणत असतं.) बाहेर साध्या ठिकाणी पायांचा मसाज तासाला तीनशेच्या आसपास. सैल कपडे देतात, काचेचा दरवाजा, शेजारच्या खुर्चीवर एखादे जपानी आजोबा घोरत असतात. थाई मसाजात मात्र अंग पिळतात. अहोंच्या गुडघ्याचं आधी बोट दाखवून सांगा.

चाओफ्रायाकाठी

आणि एटीएम दर वेळी परदेशी कार्डाला २२० बाटच्या घरात शुल्क लावतं. थोडंथोडं काढू नका.

(साडेतीन महिन्यांनी)

गवती_चहा

धागा वर काढते. आलो जाऊन.

सगळं लिहीत नाही, जे इथे नव्हतं तेच लिहिते. पाक ख्लोंग तलाटचा फुलबाजार. चोवीस तास चालू असतो, आम्ही रात्री जेवून गेलो. एका बाईपाशी मी बराच वेळ उभी राहिले. हातभर लांब सुई, तिला आधी व्हॅसलीनचं बोट फिरवायचं, मग मोगऱ्याच्या कळ्या देठ कापून आडव्या गोल गोल ओवत जायच्या, एक थर झाला की दुसरा थर पहिल्याच्या फटींत. सुई भरली की सगळं एकदम दोऱ्यावर ओढून घ्यायचं. व्हॅसलीनमुळे कळी फाटत नाही. मी तिला खुणेने विचारलं, तिने सुई माझ्या हातात दिली. माझा थर तिरका गेला, तिने काही न बोलता काढून पुन्हा लावला. दर शनिवारी मारुतीला हार करणारी बाई मी, पण ही पद्धत मला नवीन होती.

खाण्याचे हाल झाले नाहीत. चकली, तो झेंडा हॉटेलच्या मागच्याच गल्लीत होता. भाताबरोबर टोफू आणि मुळ्याचं काहीतरी, रोज सकाळी. फळवालीचं सांगायचं तर ती पहिल्याच दिवसापासून सगळ्यांकडे बघून हसत होती, त्यामुळे ओळखलं की नाही कळायला मार्ग नाही.

वेगळ्या दुपारी मी चतुचकला गेले. हे कुठे गेले ते यांनीच सांगावं.

आल्याचा_चहा

सेन सेप कालव्यावर. तिथली प्रवासी बोट धरली. ही नदीवरच्यासारखी निवांत नाही. चालू बोटीतच लोक उड्या मारून चढतात-उतरतात, कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं फाडतो, पूल आला की छत खाली येतं. समोरून दुसरी बोट आली की काठावरच्या माणसाने दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर करायचा, नाहीतर काळं पाणी सगळ्यांच्या अंगावर. ते काम माझ्याकडे आलं. मागच्या बाकावरच्या आजीबाई पाणी यायच्या आत माझ्या खांद्यावर टकटक करायच्या. प्रतुनामला बोट बदलून पार शेवटपर्यंत गेलो आणि त्याच बोटीने परत आलो. गुडघ्याला काही काम नव्हतं, चढता-उतरताना सोडून.

बाकी देवळं चार झाली. मी दोन म्हटलं होतं, नोंद असावी. राजवाड्यात बायको मूर्तीकडे गेली आणि मी ओवरीत हनुमान शोधत बसलो. मत्स्यकन्या सापडली.

क्राबी अजून डोक्यात आहे.

कोकणी_बाणा

शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं.

उकडीचा_मोदक

धुळीचा त्रास झाला का?

गवती_चहा

दोन दिवस झाला. डोळे चुरचुरत होते, मास्क लावून फिरलो, एक सकाळ नुसती खोलीत काढली. तुमचं म्हणणं खोटं नाही.

चाओफ्रायाकाठी

आल्याचा चहा, पडद्याची दोरी तुमच्याकडे आली म्हणजे लोकांनी तुम्हाला पर्यटक मानलं नाही. इथल्या माझ्या ऑफिसातले अर्धे लोक त्या बोटीत बसायला घाबरतात.

मी_सातारी

आमचं बी ठरलं! मंडळी तयार झाली, हा धागा वाचून दाखवला. एक इचारायचं होतं, अयुथ्याला रेल्वेनं गेला का गाडी करून? आनि तिथं बघायचं काय?

आल्याचा_चहा

रेल्वेने. लाकडी बाक, उघड्या खिडक्या, डोक्यावर पंखा, वीसेक बाट. गाडी करून गेलात तर लवकर पोचाल, पण मग रेल्वे हुकली. शहर १७६७ मध्ये ब्रह्मी फौजेने जाळलं, विटांचे मनोरे उरलेत. वाट महाथातला झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं शिर आहे. फोटो काढताना आपलं डोकं त्याच्यापेक्षा खाली ठेवायचं, म्हणजे खाली बसायचं. माझ्या गुडघ्याने उभ्याउभ्याच नमस्कार केला.

स्लीपर_कोच

सातारकर, तिसऱ्या वर्गाला आरक्षण नसतं, स्थानकावर जाऊन तिकीट काढायचं. जुन्या हुआ लाम्फोंगवरून साध्या गाड्या अजून सुटतात, लांब पल्ल्याच्या बऱ्याचशा २०२३ पासून क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकावर गेल्यात. कुठली गाडी कुठून, हे आदल्या दिवशी बघून घ्या. सकाळची धरा, आणि खिडकी ज्या बाजूला ऊन नाही त्या बाजूची.

मी_सातारी

जाताना ऊन कुठल्या बाजूला असतं?

स्लीपर_कोच

उत्तरेला जाते गाडी. सकाळी उजवीकडे. डावी खिडकी पकडा.